‘दूध येत नाही’ असं मीच सांगितलं

२ फेब्रुवारी, रविवार. मुदत संपलेली औषधं वेगळी काढायचं काम घेऊन बसले आहे. महिन्यातून एकदा दुकान अर्धा दिवस बंद ठेवून हे करावं लागतं. पट्टी उचलायची, तारीख बघायची, डावीकडे किंवा उजवीकडे टाकायची. डोकं लागत नाही, म्हणून शेजारी वही उघडून ठेवली आहे.

नातीला दर महिन्याला तपासायला नेतो तिथल्या समुपदेशक बाईंनी हे लिहायला सांगितलं. म्हणाल्या, "आमच्याकडे अशा घरातली माणसं येतात. त्यांना वाटतं, जगात आपल्याच घरी झालं. आमचं पत्रक कुणी वाचत नाही. तुमचं वाचतील."

मी म्हटलं, "मला रडकं लिहिता येत नाही."

"म्हणूनच तुम्हाला सांगतेय," त्या म्हणाल्या.

तर लिहिते. मुलीला विचारून लिहिते. नावं सगळी बदलली आहेत.

आम्ही कोण

पुण्यात हडपसरपुढे मांजरी गावाच्या रस्त्यावर आमचं औषधांचं दुकान आहे. नवऱ्यानं सुरू केलं, पण फार्मसीची पदविका माझी. तो गेल्यापासून मी एकटीच चालवते. मुलगी एकच, मुक्ता. इंजिनिअर, हिंजवडीत नोकरी. कंपनीतल्याच ओंकारशी लग्न केलं, घर वाकडला. ओंकारची आई, म्हणजे आमच्या विहीणबाई, चिंचवडला राहतात.

आजूबाजूच्या वस्तीतल्या बायका डॉक्टरकडे जायच्या आधी माझ्याकडे येतात. बाळाला काय द्यावं, काय देऊ नये, हे मी काउंटरवर उभी राहून तीस वर्षं सांगत आले. गरोदर बाईनं डोकेदुखीची गोळी मागितली तरी मी तीन प्रश्न विचारल्याशिवाय देत नाही. हे एवढ्यासाठी सांगते की ‘मला कळलं नाही’ असं म्हणायची सोय मला नाही.

माहितीचा कागद

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून हडपसरच्या एका रुग्णालयात मुक्ताचं नाव घातलं. तिसरा महिना संपला होता. एक तरुण डॉक्टर मुलगी कागद घेऊन समोर बसली. आमच्याकडे अशा वेळी घरातली मोठी बाई बोलते आणि गरोदर मुलगी शेजारी बसून मान हलवते. पाळी कधी चुकली, ते मी सांगितलं. उलट्या किती, मी सांगितलं. आधी काही आजार, मी सांगितलं.

"तंबाखू, दारू, सिगारेट, आणखी काही?"

मुक्तानं तोंड उघडलं. मी म्हटलं, "आमच्यात असलं काही नाही. पुढचं विचारा."

डॉक्टर मुलीनं ‘नाही’ लिहिलं आणि पुढचं विचारलं. मुक्ता काय बोलणार होती हे मला तेव्हा खरंच माहीत नव्हतं. वाटलं, कॉफीबद्दल असेल. घरी जाताना मी तिला विचारलंही नाही.

चष्म्याची केस

सहाव्या महिन्यात ती आठवडाभर राहायला आली. तिची बॅग लावताना चष्म्याच्या केसमध्ये एक छोटी प्लास्टिकची पुडी सापडली. आत पांढरी पूड. कोकेन मी आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. पण ग्लुकोज नाही, बोरिक पावडर नाही, कॅल्शियम नाही, एवढं मला बघूनच कळलं.

तिला समोर बसवलं. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. दोन वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. मोठं काम संपलं की शुक्रवारी कुणाच्या तरी फ्लॅटवर जमायचं. ओंकारही असायचा. दिवस गेल्याचं कळल्यावर तिनं दोन महिने बंद ठेवलं होतं, मग परत ‘कधीतरी’.

"तिथे सगळेच घेतात, आई."

"सगळे गरोदर आहेत का?"

ती म्हणाली, "त्या दिवशी मी डॉक्टरांना सांगणार होते. आता पुढच्या वेळी सांगू या का?"

ती मदत मागत होती. सव्विसाव्या आठवड्यात, सगळं बरंचसं हातात असताना, स्वतःहून मागत होती. आणि मी म्हटलं, "काही गरज नाही. कागदावर एकदा आलं की ते तिथेच राहतं. विहीणबाईंच्या कानावर जाईल, सगळीकडे बोभाटा होईल. तू बंद कर, विषय संपला."

पुडी मी संडासात टाकून पाणी ओतलं. बंद कर म्हणाले. ते बंद कसं करतात, तिला जमतंय का, पुढच्या शुक्रवारी ती काय करणार, यातलं काही विचारलं नाही. गिऱ्हाइकाला तीन प्रश्न, मुलीला एकही नाही.

बुधवार आणि गुरुवार

चौतिसावा आठवडा. ती माझ्याकडे राहायला आली होती, घरूनच काम करत होती. बुधवारी लॅपटॉप परत करायला हिंजवडीला जायचं होतं, रजा सुरू होण्याआधी सगळ्यांना भेटायचं होतं. टॅक्सी मीच बोलावून दिली.

संध्याकाळी परत आली ती नको इतकी बोलत होती. डोळे चमकत होते, जेवायला नको म्हणाली, हात एका जागी ठरत नव्हते. मी बघितलं. बघितलं आणि कणीक मळत राहिले.

गुरुवारी सकाळी तिनं न्हाणीघरातून हाक मारली. खाली रक्त होतं आणि पोट फळीसारखं कडक. रुग्णालयात पोचेपर्यंत ती पांढरी पडली होती. वार गर्भाशयापासून सुटली होती, बाळाला लगेच काढायला हवं होतं. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर बाहेर आल्या आणि घाईत विचारलं, "काही औषध, काही गोळी, काहीही घेतलं होतं का तिनं?"

तोवर विहीणबाई पोचल्या होत्या. ओंकार फरशीकडे बघत होता. मी म्हटलं, "लोह आणि कॅल्शियम."

मुलगी झाली. एक किलो सातशे ग्रॅम.

काचेची पेटी

नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात जाताना चपला काढायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, अंगठ्या-बांगड्या बाहेर ठेवायच्या. एका वेळी एकच माणूस, दहा मिनिटं. माझी पहिली दहा मिनिटं मी मोजत उभी होते. पेटीत नात होती आणि तिची हनुवटी थरथरत होती. हातही. शेजारी कुणीतरी कचऱ्याच्या डब्याचं झाकण पाडलं तर ती अख्खी उडाली आणि रडायला लागली. ते रडणं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. बारीक, ताणलेलं, न थांबणारं. सिस्टरांनी बोट चोखायला दिलं तर चोखता येईना, तोंड फिरवायची.

बाळाच्या डॉक्टरांनी कारण शोधायला सुरुवात केली. साखर तपासली, कॅल्शियम तपासलं, दोन्ही ठीक. मग जंतुसंसर्ग असेल म्हणून प्रतिजैविकं सुरू केली. तिसऱ्या दिवशी त्या ओंकारला म्हणाल्या, "मेंदूपर्यंत संसर्ग गेलाय का ते बघायला पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासावं लागेल. इथे सही करा."

ओंकारनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "कर सही."

पावणेदोन किलोच्या बाळाच्या पाठीत सुई घातली. ती सुई कदाचित तरीही लागली असती, असं डॉक्टर मला नंतर म्हणाल्या. वेळेआधी जन्मलेल्या बाळात संसर्ग नाही याची खात्री करावीच लागते. त्या सज्जन आहेत. पण ‘कदाचित’ या शब्दावर मला झोप लागत नाही.

दूध

शुक्रवारी, शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी, सिस्टर चीक मागायला आल्या. मुक्तानं हातानं पिळून चमचाभर काढला. मी तो वाटीतून घेऊन गेले आणि नळीतून बाळाच्या पोटात गेलेला बघून आले. काउंटरवर मी प्रत्येक बाईला सांगते, पहिला चीक वाया घालवू नका.

परत आले तर मुक्ता भिंतीकडे तोंड करून पडली होती. "आई, बुधवारी मी घेतलं होतं. ते दुधातून जातं का?"

जातं. मला माहीत होतं. वाटी माझ्या हातात होती आणि मला ते आठवलं नव्हतं, किंवा मी आठवू दिलं नव्हतं. मी म्हटलं, "तू पड. मी बघते."

‘मी बघते’चा अर्थ तिनं घेतला, आई डॉक्टरांना सांगणार आणि दुधाचं काय करायचं ते डॉक्टर ठरवणार. मी घेतला तो वेगळा. त्यानंतर चार दिवस दर तीन तासांनी ती टाके सांभाळत उठून बसायची, पंप लावायची, बाटलीत दूध काढायची. मी बाटली घेऊन निघायचे. जिन्याच्या मधल्या टप्प्यावर हात धुवायचं बेसिन होतं. तिथे दूध ओतायचं, नळ सोडायचा, बाटली विसळायची. मग वर जाऊन सिस्टरांना सांगायचं, "दूध येत नाही हो तिला." त्या दूधपेढीतलं, म्हणजे दुसऱ्या आयांनी दिलेलं, दूध बाळाला द्यायच्या. त्या अनोळखी बायकांचे उपकार मोठे आहेत. माझी नात त्यांच्यावर जगली.

दूध बाळाला न देणं बरोबरच होतं. मी ते डॉक्टरांना सांगून करू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. डॉक्टरांना चार दिवस आधी कारण मिळालं असतं आणि माझ्या मुलीची लाज गेली नसती. कारण विहीणबाई रोज डबा घेऊन येत होत्या. अळिवाची खीर, मेथीचे लाडू, शेपूची भाजी.

"खा गं, खा. असं कसं दूध येत नाही? आमच्या ओंकारच्या वेळी मला दिवसातून चार ब्लाउज बदलावे लागायचे."

मुक्ताला वाटायचं, सासूबाई असंच बोलताहेत, बाळंतिणीला बोलतात तसं. ती खीर संपवायची. मी समोर बसून डबे विसळायला घ्यायचे.

सोमवार

पाचव्या दिवशी दुपारी वरच्या सिस्टर खाली वॉर्डात आल्या. तोंडाच्या फटकळ, हाताच्या चांगल्या. म्हणाल्या, "अहो मुक्ताताई, थेंबभर तरी दूध येतंय का? प्रयत्न करा की जरा. तो मोबाइल बाजूला ठेवा."

मुक्ता त्यांच्याकडे बघत राहिली. "थेंबभर? मी सकाळी साठ मिली दिलं."

"कुणाकडे?"

मुक्तानं माझ्याकडे बघितलं. मी हातातल्या बाटलीचं झाकण लावत होते.

"आई, मी काढते ते कुठे जातं?"

मी झाकण पुन्हा फिरवलं.

"तू डॉक्टरांना सांगितलंस ना? तू म्हणालीस, मी बघते."

"मुक्ता, नंतर बोलू."

"म्हणजे तू सांगितलंच नाहीस. आणि ते तिला सुया टोचताहेत."

ती उठली. पोटावर हात धरून, वाकून, भिंतीला धरत निघाली. सिस्टर म्हणाल्या, "अहो, चाकाची खुर्ची आणते, थांबा," पण ती थांबली नाही. लिफ्टनं वर गेली, मी मागे, हातात बाटली. अतिदक्षता विभागाच्या दारात डॉक्टर भेटल्या. मुक्तानं उभ्या उभ्या सांगितलं. काय घेतलं, कधीपासून, शेवटचं कधी. एकही गोष्ट तिनं गाळली नाही. चीक दिल्याचंही सांगितलं.

डॉक्टर म्हणाल्या, "हे मला पहिल्या दिवशी हवं होतं." मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"तुमचं औषधांचं दुकान आहे ना?"

"हो."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. त्या मुक्ताला म्हणाल्या, "सांगितलंत हे चांगलं केलंत. बसा आधी. आता आपण कामाला लागू."

फटकळ सिस्टरांनी स्टूल आणून ठेवलं आणि मुक्ताच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. बराच वेळ. मला ते जमलं नव्हतं.

त्यानंतर

पाठीच्या पाण्यात काही निघालं नाही. संसर्ग नव्हता, प्रतिजैविकं थांबवली. पेटी कोपऱ्यात हलवली, वर जाड कापड टाकलं, दिवे मंद केले. घट्ट गुंडाळून ठेवायचं, उगाच हात लावायचा नाही, थोडं थोडं पाजायचं. डॉक्टरांनी समजावलं, "तिला व्यसन लागलेलं नाही. असं बाळाला कधी म्हणू नका आणि कुणाला म्हणू देऊ नका. तिच्या मेंदूला सगळं फार मोठं वाटतंय, प्रकाश, आवाज, स्पर्श. ते हळूहळू कमी होईल. डोकं थोडं लहान आहे. बोलणं, लक्ष देणं, हे आपण शाळेत जाईपर्यंत बघत राहू. घर शांत ठेवा. आईला सोडू नका."

दूध मात्र तपासण्या स्वच्छ येईपर्यंत द्यायचं नाही, पण काढत राहायचं, म्हणजे आटणार नाही. मुक्ता ते स्वतः काढायची आणि स्वतः टाकायची. मला बाटलीला हात लावू द्यायची नाही. ओळीनं सगळ्या तपासण्या स्वच्छ यायला सहा आठवडे लागले. तोवर दूध आटलं.

दहाव्या दिवशी बाळाला मुक्ताच्या उघड्या छातीवर ठेवलं. हनुवटीची थरथर अर्ध्या तासानं थांबली आणि ती झोपली. मुक्ता जागची न हलता दोन तास तशीच बसून होती. मी काचेतून बघत होते. आत यायला तिनं मला सांगितलं नाही.

तेवीस दिवसांनी माझ्या घरी आलो. पुढचे तीन महिने कठीण होते. कुकरची शिट्टी झाली की बाळ रडायचं, म्हणून मी भात पातेल्यात करायला लागले. आता ती आठ महिन्यांची आहे. आधार दिला की बसते, कुत्रा दिसला की ओरडते. वजन कमी आहे. पुढचं माहीत नाही.

मुक्ता आणि ओंकार दर शनिवारी व्यसनमुक्ती केंद्रात जातात. ओंकार त्याच्या आईला सांगतो, ऑफिस आहे. विहीणबाईंना आजही एवढंच माहीत आहे की बाळ लवकर झालं आणि सुनेला दूध आलं नाही. तीन महिन्यांपूर्वी बारसं झालं तेव्हा त्या भरल्या घरात म्हणाल्या, "आजकालच्या मुलींना दूध कुठलं यायला? आमच्या नातीला बिचारीला बाहेरचं प्यावं लागलं." मुक्ता हसली आणि पेढे वाटत राहिली. मी तिथेच होते.

ज्यांच्या घरी हे चाललं आहे त्यांना एवढंच सांगते. डॉक्टर तुमच्या मुलीला प्रश्न विचारत असतील तर तुम्ही बाहेर जाऊन बसा. आणि तिनं तुम्हाला काही सांगितलं, तर ते ज्याला सांगायला हवं त्याच्यापर्यंत तिला घेऊन जा. त्याच दिवशी.

संध्याकाळी मुक्ताला पानं वाचायला दिली. ती बाळाला मांडीवर घेऊन वाचत बसली. वाचून झाल्यावर वही मिटली.

"हे समुपदेशक बाईंकडे, सगळ्यांना वाचायला फाइलमध्ये ठेवणार?"

"हो. नावं बदलली आहेत."

"नावं बदलली तरी सासूबाईंना कळेल. त्यांच्या अळिवाच्या खिरीसकट सगळं आहे यात. त्यांना हे कागदावरून कळायला नको."

"मग तू सांगतेस त्यांना?"

"माझं मी सांगेन. उद्या संध्याकाळी जाते. ओंकारचं तो बघेल." तिनं वही माझ्याकडे सरकवली. "दुधाचं तुझं आहे. ते तू सांग, आणि माझ्या आधी सांग. का ओतलंस असं त्यांनी विचारलं, तर खरं कारण सांग. माझी हरकत नाही."

३ फेब्रुवारी, सोमवार

दुकान उघडलं नाही. दोन बस बदलून साडेनऊला चिंचवडला पोचले. विहीणबाईंनी दार उघडलं, हातात पोह्यांची चाळणी होती.

"अगंबाई, तुम्ही? आणि न कळवता? बाळ बरं आहे ना?"

"बरं आहे. तुम्ही बसा. मला एक सांगायचं आहे, चहा नको."

त्या बसल्या. मी सांगितलं. मुक्ताला दूध येत होतं, चांगलं येत होतं. चार दिवस ते मी जिन्यातल्या बेसिनमध्ये ओतलं आणि सगळ्यांना सांगितलं की येत नाही.

"का पण?"

मी कारण सांगितलं. तो शब्द त्यांनी बातम्यांत ऐकला होता. त्यांनी चाळणी खाली ठेवली.

"म्हणजे आठ महिने मी त्या पोरीला टोमणे मारतेय."

"हो."

"बारशाला, सगळ्यांसमोर."

"हो."

"आणि तुम्ही ऐकत होतात."

"हो. तेच सांगायला आले."

मग माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "ओंकारला माहीत होतं?"

"होतं."

"तोही घेत होता?"

‘नाही’ माझ्या तोंडाशी आलं होतं. इतकं तयार की मला त्याची चव कळली.

"ते तुम्ही त्याला विचारा," मी म्हटलं.

त्यांनी टेबलावरचा फोन उचलला. नंबर लावताना म्हणाल्या, "तुम्ही बसा इथेच."

मी बसले.